माल्टाच्या मंत्रीणबाई

आर्याला, म्हणजे आमच्या मुलीला, मी एकदा पोटभर हसलो होतो. ते असं अंगाशी आलं म्हणून सांगू!

इथे आखातात, ईसा टाउनला तिच्या शाळेत युरोपच्या शिक्षणमंत्र्यांची लुटुपुटूची बैठक होती. ही माल्टाची मंत्री. मी म्हटलं, "टेबल ठोकून सांग, सगळ्या देशांनी आमच्यासारखंच शिकवायचं!"

"नो बाबा. शाळेत काय शिकवायचं, दॅट्स ईच कंट्रीज चॉइस. मिनिस्टर्स फक्त भेटतात अँड अ‍ॅग्री. मग घरी जाऊन आपापलं करतात."

"मग विमानं पकडून जमतात कशाला?"

"टू अ‍ॅग्री."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच शुक्रवारी अदलियात आमच्या मराठी मंडळाची मीटिंग होती. आर्या मागे बसलेली. मी तावातावाने ठराव मांडला, की घरी मुलांशी फक्त मराठीच बोलायचं. पुण्याचे जोशी म्हणाले, "अगदी योग्य." मी विचारलं, "आणि जो बोलणार नाही त्याचं काय?"

नागपूरच्या कांबळे वहिनी म्हणाल्या, "काय करणार जी? पुढच्या मीटिंगला पुन्हा ठराव करू."

एकमताने मंजूर. टाळ्या, सामोसे, खलास.

पार्किंगमध्ये आर्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. मी ओरडलो, "आर्या, यल्ला! कम फास्ट, वी आर गेटिंग लेट!"

तिने शांतपणे मोबाइल खिशात ठेवला, गाडीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं आणि म्हणाली, "आफ्टर यू, मिनिस्टर."