बोटाले माहीत, तोंडाले नाई

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे एका जुन्या मिनीबसच्या इंजिनातलं तेल रस्त्यावर सांडलं. गाडीत तिघं जण होते. गाडी चालवत होत्या कमल इंगळे, वय एकसष्ट, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार जुने शहर, अकोला. ते तेल त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी बदललं होतं. पुढची हकिकत त्यांच्या शब्दांत.

माहेर माहं भातकुलीचं. बाप लोकाच्या वावरात राबे आणि मले म्हणे, कमे, तू पाटी धर, खुरपं मी धरतो. मंग मी शिकली, नर्सबाईचा कोर्स केला अमरावतीले, आणि चौतीस वर्षं खेड्यापाड्यात नोकरी केली, सुया टोचल्या, बाळंतपणं केली, रजिस्टरं भरली. हे काहून सांगून राह्यली, तर माहा हात कामाचा हाय, हे तुमी आधी लिहून घ्या. गाडी बी तिथंच शिकली. आमच्या आरोग्य केंद्राची जीप होती, तिचे डायवर रहीमभाई, ते दुपारच्याले मैदानात शिकवत, म्हणत, ताई, क्लचवर पाय असा ठेवा जसा झोपलेल्या लेकराच्या पोटावर हात ठेवता. तेवढ्या एका वाक्यात मले क्लच समजला. लायसन काढलं तवा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

नवऱ्याचं नाव यशवंत, पण ते नाव फक्त मतदार यादीत. सारे मिस्त्री म्हणतात, मी बी मिस्त्रीच म्हणते. मोर्णा नदीच्या काठाले त्याईचं गॅरेज होतं, डिझेलच्या गाड्या, ट्रक, टेम्पो, चाळीस वर्षं तेच. मी रिटायर झाली, त्याईनं गॅरेज बंद केलं, आणि एक दिवस काय सांगू तुमाले, एका शाळेची म्हातारी मिनीबस घेऊन दारात उभे. मी म्हणलं हे काय, तर म्हणे घर हाय. सीटा काढल्या, दोन पलंग बसवले, ओटा केला, छोटा फ्रिज, पंखा, आणि मागच्या बाजूले लोखंडी पेटीत जनरेटर, एका सिलेंडरचं, ते बी डिझेलचंच. कागदपत्रं रीतसर करून घेतली. शेजारची शकुंतला म्हणे, कमलताई, भांडण झालं तर आता नवरा घर घेऊनच पळून जाईन.

जायाचं होतं बोधगयेले. माही सासू छप्पन साली ट्रकमंदी उभी राहून नागपूरले गेलती, दीक्षा घेऊन आली, आणि मरेपर्यंत म्हणे, बोधगया राह्यली. मिस्त्रीच्या मनात ते होतं. पण गाडी तयार झाली आणि त्याईले लकवा मारला. पाय परत आला, बोलणं परत आलं, उजवा हात आला नाई. साखर आधीपासूनच होती, इन्सुलिन लागते, ते थंडाईत ठेवा लागते, म्हणून फ्रिज लागते, म्हणून जनरेटर लागते, म्हणजे पाहा, आमच्या फिरण्याचा जीव त्या मागच्या पेटीत हाय.

आता प्रश्न आला तेलाचा. गाडीले तेल म्हणजे काय तर रक्तच, पण रक्त अंगातच साफ होते, तेल साफ होत नाई, ते बदला लागते. मी म्हणलं, द्या न कोण्या गॅरेजवाल्याले. मिस्त्री भडकले. म्हणे चाळीस वर्षं दुसऱ्यानं केलेले घोटाळे निस्तरले, माह्या गाडीले परका हात लागणार नाई. मी म्हणलं, तुमचा हात चालत नाई आणि परका चालत नाई, मंग काय गाडीनं स्वतःच बदलाचं? शेवटी मी म्हणलं, बरं, सांगा मले.

असं शिकली मी. आधी जनरेटर, कारण ते कंबरेच्या उंचीले हाय, खाली झोपाचं काम नाई. गाडीचं तेल किलोमीटरवर बदलाचं आणि जनरेटरचं तासावर, काहून तर ते जागेवर उभं राहून धावते. शंभर तास झाले की बदल. दहा मिनिटं चालू ठेवाचं, तेल कोमट होऊ द्याचं, बंद कराचं, खालचा नट खोलाचा, काळं तेल डब्यात घ्याचं, नट लावाचा, नवं टाकाचं. मंग गाडी. तिथं लाकडाचे ठोकळे चाकाले लावाचे, सतरंजी टाकून खाली सरकाचं, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट खोलाचा, आठ लिटर तेल उतरते, त्याच्यासंगं फिल्टर बी बदलाचा. फिल्टर म्हणजे डब्यासारखा डबा, तोंडाशी रबराची रिंग, नव्या रिंगेले तेलाचं बोट लावाचं आणि हातानंच आवळाचा. मिस्त्री खुर्ची टाकून बसत आणि वरून सांगत, मी खालून करे. दवाखान्याचे रबरी हातमोजे घालून. शकुंतला पाहाले ये, म्हणे कोणाची डिलिव्हरी चालू हाय बाई.

पोळ्याले पोट्टा आला, राहुल, पुण्याले कंपनीत हाय. दारात पाह्यतो तर मायचे पाय गाडीखालून बाहेर. तिथंच सुरू झाला. माय, हे काय वय हाय काय, बाबाचा एक हात गेला, तुले साठी लागली, आणि तुमी बिहारले निघाले? त्यानं अमरावतीचा एक गिऱ्हाईक पाहून बी ठेवला होता, त्याले गाडीत चायनीजचं दुकान टाकाचं होतं. मिस्त्री म्हणे, माह्या पलंगावर मंचुरियन तळणार काय रे? राहुल म्हणे, बाबा, मजाक नका करू. मी मधात पडली, म्हणलं, उद्या भातकुलीले मामाकडे चाललो आमी, तू बी चाल, गाडी पाह्य, मंग बोल.

तेल मी पोळ्याच्या दिवशीच बदललं होतं. चालू करून पाह्यलं, खाली वाकून पाह्यलं, थेंब नाई. दुसऱ्या दिवशी निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मोकळा रस्ता लागला, मी पाय दाबला, आणि समोर लाल दिवा लागला. तेलाचा. तो दिवा लागला की इचार नाई कराचा, हे मले पक्कं माहीत होतं, मी तिथल्या तिथं चावी फिरवून इंजिन बंद केलं. स्टेरिंग दगडासारखं जड झालं, तरी ओढून ओढून गाडी कडुनिंबाखाली घेतली. खाली उतरली तर मागं रस्त्यावर काळी रेघ, वितभर रुंद.

राहुल मोबाईल काढून गाडी ओढून नेणाऱ्याचा नंबर पाहाले लागला. मिस्त्री हळूहळू उतरले, वाकून पाह्यलं, म्हणे फिल्टरपासून आलं. मी म्हणलं, मी आवळला होता, देवाशपथ आवळला होता. ते म्हणे, जुना फिल्टर कुठं हाय? टाकला नव्हता मी, मागच्या डब्यात होता, काढून देला. त्याईनं डाव्या हातात धरला, फिरवून पाह्यला, आणि म्हणे, याची रिंग कुठं हाय? मी म्हणलं, कोणती रिंग? म्हणे, जुनी रिंग. मी म्हणलं, मले काय माहीत, जसा निघाला तसा ठेवला.

जुनी रिंग इंजिनलेच चिकटून राह्यलती. मी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, रिंगेवर रिंग. घरी हळू चाललं तवा टिकलं, जोर लागला तशी वरची रिंग सरकली आणि तेल बाहेर.

मी म्हणलं, मिस्त्री, हे तुमी मले कवा सांगतलं? ते मंग म्हणे, सांगतलंच नाई. राहुल तिकडून म्हणे, घ्या, बाबा इसरले. मिस्त्री म्हणे, इसरलो नाई रे, मले माहीतच नव्हतं की मी ते करतो. फिल्टर निघाला की माही करंगळी आपोआप त्या जागेवरून गोल फिरे, पुसल्यासारखी. रिंग असली तर बोटासंगं निघून ये. चाळीस वर्षांत मी त्याचा इचार केला नाई. ते बोटाले माहीत होतं, तोंडाले नाई.

मंग काय, मी सतरंजी टाकली. राहुल म्हणे, माय, राहू दे, गाडी येऊन राह्यली ओढाले. मी म्हणलं, येऊ दे, तवरक मी काय हातावर हात ठेवून बसू? फिल्टर काढला, जुनी रिंग नखानं ओढली, चपटी झालेली, गांडुळासारखी. नवी रिंग पुसून नीट बसवली, फिल्टर आवळला. जवळचं तेल पुरत नव्हतं, तर राहुल एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून मूर्तिजापूरले गेला, इस्त्रीची पँट, मांडीवर कॅन. साडेबाराले गाडी चालू झाली. इंजिनले काई झालं नव्हतं, वेळेवर बंद केलं म्हणून. ओढणाऱ्याले राहुलनं फोन करून नाई म्हणलं.

पण समाधान नाई झालं त्याचं. भातकुलीले जेवताना माह्या भावासमोर बोलला, म्हणे, आज घराजवळ झालं, तिकडं बिहारात झालं असतं तर? माय, दिवाळीले मी येतो. तू एकटी तेल बदल, गाडीचं बी आणि जनरेटरचं बी. बाबानं एक शब्द बोलाचा नाई. मंग अमरावतीले जाऊन परत येऊ. एक थेंब पडला तर चावी मी नेतो. मी तोंड उघडाच्या आधी मिस्त्री म्हणे, कबूल. मले असा राग आला, म्हणलं, परीक्षा माही आणि कबूल तुमी करता!

आता अडचण पाहा काय. मी रोज त्याईले इचारे, आणखी काय हाय जे तुमी सांगतलं नाई? ते म्हणत, आता काई नाई, सारं सांगतलं. पण करंगळीच्या आधी बी त्याईले तसंच वाटत होतं न. मले माह्या नोकरीतलं आठवलं. नवी पोरगी इचारे, ताई, शीर कशी सापडते, आणि मले सांगता ये नाई, मी म्हणे, सापडते बाप्पा. पण एकदा माहा उजवा हात भाजला होता, तवा डाव्यानं सुई टोचाची पाळी आली, आणि मी स्वतःशीच बोलाले लागली, आता दाब, आता सोड, आता तिरपी कर. डाव्याले सांगाच लागे. म्हणून मी मिस्त्रीले जनरेटरपाशी उभं केलं, डाव्या हातात पाना देला, म्हणलं, तुमी करा. म्हणे, याले काई येत नाई. मी म्हणलं, म्हणूनच.

दीड महिना चाललं हे. डावा हात चुके आणि मिस्त्री त्याले शिव्या देत, अबे गधड्या, आधी उलटा फिरव न, आटा बसल्याचा टक आवाज येऊ दे, मंग सुलटा. मी वही घेऊन बाजूले. नट लावताना आधी उलटा फिरवाचा, हे त्याईनं मले कवाच सांगतलं नव्हतं. अबे, तेलाचा वास घे न आधी, डिझेलचा वास आला तर गडबड हाय. हे बी नव्हतं सांगतलं. नटाखालचं तांब्याचं वायसर नखानं तपासाचं. गाडीचा फिल्टर डाव्या हातात देला तवा निघालं, नव्या फिल्टरात आधी तेल भरून मंग चढवाचा, म्हणजे इंजिन कोरडं फिरत नाई. करंगळीची गोष्ट धरून पाच गोष्टी निघाल्या. उतरलेलं काळं तेल शकुंतलाचा दीर घेऊन जाये, वावरातल्या खांबाले लावाले, उधई, म्हणजे वाळवी, लागत नाई. म्हणे, ताई, अजून शिका, अजून खांब बाकी हायेत.

दिवाळीले पोट्टा आला. भाऊबीज झाल्यावर सकाळी आठले सुरू केलं. मिस्त्रीनं तोंडात सुपारी धरली होती, बोलणं निघू नये म्हणून. मी आधी जनरेटरचं बदललं, मंग गाडीखाली गेली. करंगळी फिरवली, रिंग निघाली, बाहेर राहुलच्या हातात देली, म्हणलं, धर. पावणेदहाले उठली. अमरावतीले गेलो, परत आलो. राहुलनं खाली पेपर अंथरून तीनदा पाह्यलं, मूर्तिजापूरले, अमरावतीले आणि घरी. घरच्या पेपरवर तर टॉर्च मारला. कोरडा होता. मिस्त्री सुपारी थुंकून म्हणे, आता बोलू काय? राहुलनं तिथूनच त्या चायनीजवाल्याले फोन लावला, म्हणे, दादा, गाडी विकाची नाई, आईबाबा फिराले जाऊन राह्यले.

डिसेंबरात निघालो. सांची, सारनाथ, मंग बोधगया. तिथं मिस्त्रीनं डावा हात बोधिवृक्षाच्या कठड्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाई.

गेल्या महिन्यात परत आलो. सारा प्रवास एक्केचाळीस दिवसांचा झाला. जनरेटरचं तेल वाटेत दोनदा बदललं, एकदा सारनाथले, एकदा येताना जबलपूरच्या पुढं, आणि गाडीचं घरी आल्यावर. तिन्ही वेळा मीच बदललं.