माझ्या बाजूच्या कडा

…आणि वर मलाच म्हणतो, "टॅम, नीट दाब, कड दिसतेय!" अरे, कड दिसतेय? दोन महिने दाबतेय मी ते काळं रबर, माझ्या बोटांच्या कडा झिजल्या, त्या कुणाला दिसल्या का? नाही, तुम्ही हसा! रांग काही हलत नाहीये, मासे तळायला वेळ आहे म्हणतोय तो आतला, तोवर ऐका. ती बाहेर उभीय ना, पिवळी, बिनछपराची… हो, तीच, जिच्या पोटात एक माणूस डोकं खुपसून उभाय. तो माझा बाप. डेस ऑलरेनशॉ. आणि ती गाडी त्यानं घरी बांधलीय.

घरी म्हणजे घरीच! सात वर्षांपूर्वी सुट्या भागांची अकरा खोकी आली, डॅड म्हणाला, "नाताळपर्यंत उभी करतो." कुठला नाताळ ते बोलला नाही. मम्मी गॅरेजच्या दारात यायची, "डेस, जेवण गार होतंय." "एक मिनिट!" "डेस, तुझ्या बहिणीचं लग्न आहे, आज!" "एक मिनिट!" तीन वर्षांपूर्वी ती बॅग घेऊन दारात आली. "डेस, मी चाललेय." तुम्हाला सांगते, गाडीखालून काय आवाज आला असेल? बरोब्बर! ती आता पोर्तुगालला असते. ते मिनिट काही अजून संपलेलं नाही.

मग घरात उरलो आम्ही तिघं. मी, डॅड आणि गाडी. त्यातले दोघं एकमेकांशी बोलायचे.

मी काय करणार? मी उद्योग करते. हेडमास्तरांच्या मिटलेल्या छत्रीत मैदा भरला. बाहेर पाऊस, त्यांनी उघडली छत्री… डोक्यावरच मळला गेला हो, नुसता भट्टीत सरकवायचा बाकी होता! शाळेनं तीन आठवडे घरी बसवलं. डॅडला चिठ्ठी दिली. त्यानं वाचली, तिलाच ग्रीसचे हात पुसले आणि म्हणाला, "मोकळीयस ना? मग गाडीच्या कडांना रबर लाव. पास झाली की मेबलथॉर्पला जाऊ, समुद्रावर. तू नि मी."

तू नि मी! तुम्हाला सांगते, त्या तीन शब्दांवर मी रबर काय, डांबर लावलं असतं!

कारण घरी बांधलेली गाडी अशी उचलली नि रस्त्यावर आणली, असं नसतं. सरकारी तपासणी असते. साहेब एक चेंडू घेऊन येतो, एवढा, संत्र्याहून थोरला, आणि तो गाडीवर सगळीकडे फिरवतो. चेंडू जिथं जिथं टेकेल, तिथली कड गोल पाहिजे. किती गोल? अडीच मिलिमीटर! म्हणजे माणूस गाडीखाली आला तर येऊ दे बापडा, ओरखडा उठता कामा नये!

आता आमच्याकडे कुठला तसला चेंडू? पण जिन्याच्या कठड्याच्या टोकाला लाकडी गोळा होता, अगदी मापाचा. होता! डॅडनं करवतीनं उडवला. आता जिना उतरताना हात सर्रकन घसरत येतो नि शेवटी त्या खुंटावर… आई गं! हे एवढं कुसळ! मी ओरडले, "डॅड, याची कड कोण गोल करणार?"

"जिन्याला तपासणी नसते," म्हणाला.

घ्या! जिन्याला तपासणी नसते, मोडक्या फ्रिजला नसते, आणि मी जेवले का, रडले का, माझ्या शाळेचं काय झालं… कशालाच तपासणी नसते!

बोल्टच्या डोक्यांवर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या तीनशे आल्या. मी गाडीला घातल्या आणि उरलेल्या घराला. नळांना, टीव्हीच्या रिमोटला, काट्याच्या चारी दातांना. डॅडच्या टूथब्रशलासुद्धा! बाप टोपी घातलेल्या ब्रशनं पाच मिनिटं दात घासून गॅरेजमध्ये गेला, कळलंच नाही त्याला! खोडी काढली की मार बसतो, तो परवडतो हो. पण कुणाला कळलीच नाही तर? मी एकटीच हसले मग, बाथरूममध्ये. एकटीचं हसू फार टिकत नाही. करून बघा.

त्यात ते मिस्टर पिकर्सगिल. आमच्याकडच्या गाडीबांध्यांच्या क्लबचे म्होरके. चहा असा भुरके मारत पितात की शेजारचं कुत्रं भुंकतं. गाडीभोवती एक चक्कर मारली नि म्हणाले, "डेस, गड्या, खुळा का तू? ही डावीकडची बटणं, पट्ट्या, सगळी धारदार. किती गोल करत बसशील? डावी सीट काढ! एकाच सीटची गाडी म्हणून दाखव. तिकडं माणूसच बसणार नाही, तर तिकडच्या कडा कोण तपासतंय? सगळे हेच करतात!"

चार बोल्ट. चार बोल्टांत माझी सीट जमिनीवर! मी म्हटलं, "आणि मेबलथॉर्प?" डॅड म्हणाला, "बसवू ना परत, नंतर." नंतर! तो ते मिनिट म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं.

तपासणीचा अर्ज स्वयंपाकघरात टेबलावर पडला होता. सीटची संख्या: 1. आता 1 चा 2 करायला डोक्याला एक बाक नि पायाशी एक आडवी रेघ, एवढंच लागतं. पाकीट मीच पोस्टात टाकलं. गुणी मुलगी!

तपासणीला गाडी पिकर्सगिलांच्या ट्रेलरवर चढवून नेली. साहेब मिस्टर थ्वेट. तुम्हाला सांगते, काय हळुवार माणूस! बाळाला तेल चोळावं तसा चेंडू फिरवत होता. "छान… छान… हे तर फारच छान." डॅडच्या कपाळावर घाम, मी पिवळ्या रेघेच्या मागं. दिवे पास, ब्रेक पास, कडा पास! मग साहेबानं कागद उचलला.

"मिस्टर ऑलरेनशॉ, दुसरी सीट कुठाय?"

"एकच आहे."

"अर्जात दोन आहेत."

डॅडनं कागद बघितला. मग वळला नि माझ्याकडे बघितलं. पुरतं बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा! आणि गाडी? नापास.

परतीला व्हॅनमध्ये मी मधे. एका कानात पिकर्सगिल, "कार्टी आहे का भूकंप!" दुसऱ्या कानात डॅड. म्हणजे काहीच नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "ओरड की! मार!"

तो म्हणाला, "का केलंस?"

"तू म्हणाला होतास, तू नि मी."

तो म्हणाला, "एक मिनिट," नि गॅरेजमध्ये गेला. झालं! मी वरच जाणार होते, मम्मीची जुनी बॅग शोधायला… आणि तुम्हाला सांगते, खरंच एका मिनिटात आला! हातात माझी सीट. "ही बाजू अख्खी गोल करावी लागेल. दोन महिने जातील. शाळेतून आल्यावर मोकळी असतेस?"

अहो, मी सात वर्षं मोकळीच होते!

गाडीच्या आत फिरवायचा चेंडू आणखी मोठा असतो, माणसाच्या डोक्याएवढा. जिन्याला तसला गोळा नव्हता. डॅडनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टॅम, जरा वाक." आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून पुढच्या फळीवरून फिरवायला लागला. "इथं लागतं?" "नाही." "इथं?" "नाही." एका ठिकाणी तर अजिबात लागत नव्हतं. मी म्हटलं, "लागतंय. परत बघ."

झाली पास, परवा. आता सगळ्यांची रीत अशी, की पास झाली की तिथंच, तपासणी केंद्राच्या दारात, सगळं रबर टराटरा फाडायचं. पिकर्सगिल सुरी घेऊनच उभे! डॅडनं आपली बाजू सोलून काढली. टोप्या उडाल्या, लखलखीत बोल्ट बाहेर. मग डावीकडे आला… नि थांबला. "इकडचं राहू दे."

"अरे डेस, तपासणी झाली आता!"

"ती बसणार आहे ना तिथं."

एवढंच. माझ्याकडे न बघता.

म्हणून ती अशी दिसतेय हो! उजवीकडून रेसची गाडी, डावीकडून बाबागाडी. आणि त्यात मी. आज आलो दोघं, इथं मेबलथॉर्पला. तासभराचा रस्ता. मी सगळं बोलले, मम्मीची पत्रं, ब्रशची टोपी, त्या बॅगेचंसुद्धा. पण छप्पर नाही, वारा हा असा, इंजिन हे असं! तो ओरडतो, "काय?" मी ओरडते, "काही नाही!" म्हणून तर तुम्हाला सांगतेय, रांग तरी एका जागी उभी असते.

आला का माझा नंबर? दोन मासे, चिप्स, व्हिनेगर भरपूर. थांबा, विचारते… डॅड! तळलेत! येतोस?

…ऐकलंत?

एक माझा असाच द्या, हातात. दुसरा कागदात नीट गुंडाळा. गार झाला तरी चालतो त्याला. सवय आहे.