अय्यांचं पान व्हायच्या आधी

दि. २५/८/१९९९

मी, कालिंदी सुधाकर हुपरीकर, वय ४४, धंदा नोकरी (स्टाफ नर्स), राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते तो असा की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते व जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते. साखरेच्या पेशंटना घरी सोडताना इन्सुलीन कसे घ्यायचे, कधी खायचे हे शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे.

मयत गौराबाई महालिंग घुगरी, वय ५८, राहणार नेसरी, या गेल्या महिन्यात आमच्याकडे दाखल होत्या. घरी जाताना मी त्यांना व त्यांची सून विद्याश्री हिला समोर बसवून शिकवले. मुलगा मृत्युंजय दारात उभा राहून गाडीची वेळ बघत होता. विद्याश्रीने माझ्यासमोर डोस अचूक मोजून सासूला इंजेक्शन दिले. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात जेवायचे, घाम सुटला, थरथर वाटली की लगेच साखर खायची, हे मी तिच्याकडून परत वदवून घेतले. नुसती मान डोलावलेली मला चालत नाही, मान नंदीबैलही डोलावतो. तिने सगळे न चुकता सांगितले.

उपवास अजिबात करायचे नाहीत, असे मी गौराबाईंना बजावले. त्या म्हणाल्या, "बाई, श्रावणी सोमवार लग्नाच्या आधीपासनं धरतोय मी. असा कसा सोडू?" मी म्हणाले, "देवाला सांगा, सिस्टरनं बंद केलाय." त्यावर त्या हसल्या आणि "व्हय, सांगतो की" म्हणाल्या. बाई गोड होत्या.

दि. २३ रोजी, सोमवारी, सकाळी मी ड्यूटीवर असताना विद्याश्रीचा फोन आला. ती शेजारच्या दुकानातून बोलत होती. "बाई, आत्तींना दरदरून घाम सुटलाय. हात थरथराय लागल्यात. साखर देतोय तर तोंडच उघडंनात."

इंजेक्शन दिले का, असे मी विचारले. रोजच्या वेळेला दिले म्हणाली. जेवल्या का, तर नाही. मला राग आला, तोही लिहून घ्यावा. मी ओरडले, "केलाच का शेवटी उपवास?" ती म्हणाली, "न्हाय ओ बाई. उपवास सोडायचाच हाय आज. म्हणून तर अय्यांना बोलावलंय."

अय्या म्हणजे त्यांच्या घराण्याचे गुरू, शिवशरण स्वामी. इतकी वर्षे धरलेले व्रत आपल्या मनाने टाकता येत नाही. म्हणून स्वामींची पाद्यपूजा करायची, त्यांना जेवू घालायचे आणि त्यांच्या परवानगीने उपवास कायमचा सोडायचा, असे गौराबाईंनी ठरवले होते. माझा शब्द पाळायचा म्हणूनच हा घाट घातला होता. इंजेक्शनची रोजची वेळ धरूनच स्वामींना आठला बोलावले होते. त्यांची एस.टी. आलीच नाही. मृत्युंजय मोटरसायकल घेऊन त्यांना आणायला गेला होता, तो परतला नव्हता. आणि अय्यांचे पान, म्हणजे जेवण, झाल्याशिवाय घरातले कोणी तोंडात काही घालत नाही.

मी म्हणाले, साखरपाणी कर आणि तीर्थ म्हणून पाज. ती म्हणाली, "तीर्थ अय्यांच्या हातनंच घ्यायचं असतंय, बाई. आत्तींना कळतंय की." मग मी म्हणाले, त्यांचे डोके मांडीवर घे, गाल दाब आणि हिरड्यांना साखर चोळ. ती म्हणाली, "मी? आत्तींना?" मी म्हणाले, "होय, तूच. पळ." तिने फोन ठेवला. परत लावायला त्या दुकानाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी फोनपाशी तशीच उभी राहिले. मला काही म्हणता काही करता येईना.

पुढचे विद्याश्रीने मला दवाखान्यात सांगितले. तिने साखर चोळली. गौराबाईंनी ती थुंकून टाकली आणि सुनेला हात जोडले, मग शुद्ध गेली. तेवढ्यात स्वामी आले. जीप करून आधी गडहिंग्लजला नेले, तिथून सलाईन लावून पुढे पाठवले. आमच्याकडे आणल्या तेव्हा डॉक्टरांनी तपासून मयत झाल्याचे सांगितले.

स्वामीही जीपमधून बरोबर आले होते. वयस्कर आहेत. ते मला म्हणाले, "बाई, सुई टोचल्यावर खावं लागतंय, ह्ये मला कुणी बोललं न्हाय. नुसता निरोप आला असता तरी तू आधी जेव म्हणून मीच सांगिटलं असतं. मला काय जड हुतं?" पेशंटच्या घरच्यांना शिकवायचे, एवढेच आम्हाला शिकवलेले आहे.

मृत्युंजय यांची तक्रार आहे की सिस्टरने नीट समजावले नाही. त्यांचे भाऊबंद म्हणतात, सुनेने जादा डोस दिला. ते खोटे आहे. औषधाची बाटली तिने बरोबर आणली होती, ती मी पाहिली आहे. औषध रोजच्या डोसाच्या मानानेच कमी झालेले आहे. माझ्यावर काय ती कारवाई करावी, पण त्या पोरीवर ठपका ठेवू नये. काल तिला माहेरी कुरुंदवाडला नेऊन सोडले, दिवसकार्य होईपर्यंतसुद्धा ठेवून घेतले नाही. स्वामी तिच्या बाजूने सांगायला तयार आहेत, पण त्यांनी ठाण्याची पायरी चढू नये असे घुगरींचे म्हणणे पडले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "मयताच्या अडाणीपणामुळे" असे एके ठिकाणी आले होते, ते मी खोडायला लावले. गौराबाई अडाणी नव्हत्या. जेवायला बोलावलेल्या माणसाच्या आधी त्या जेवत नव्हत्या. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
कालिंदी सु. हुपरीकर