पहिला नंबर

नाही नाही, मॅडम, तो मधला प्लॅन परत समजावूच नका — तो मधलाच तर नेला होता मी मागच्या वेळी, ह्याच काउंटरवरून. तुम्ही नव्हता तेव्हा, तुमच्या जागी एक चष्मेवाले बसायचे, गोड बोलायचे फार. "डोळे झाकून घ्या साहेब," म्हणाले. घेतला डोळे झाकून. आता मला प्लॅन नको, मोफत मिनिटं नकोत, ते गाणी-बिणी तर अजिबात नको — माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे, ती काय फोनवर गाणी ऐकणार? मला एवढंच सांगा, ह्यातला कुठला फोन बंद पडत नाही? कधीच म्हणजे कधीच. सोमवारी तिला हॉस्पिटलमधून सोडतायत. खुब्याचं हाड मोडलंय, रॉड घातलाय आत. डॉक्टर म्हणाले, एकटी राहणार असेल तर हाताशी चालू फोन हवा, नाहीतर मी सोडत नाही. म्हणजे बघा, माझ्या आईचं घरी येणं तुमच्या ह्या कागदावर अडकलंय. आज शुक्रवार.

हो, तक्रारही करायचीये. लेखी. आई पडली त्या दिवशी फोन बंद होता तुमचा. काय झालं सांगतो ना — आधी आमच्याकडे जुना फोन होता, पॅसेजमध्ये, भिंतीला. रस्त्यावरून तार यायची थेट. लाइट गेली तरी चालू, सगळं गाव अंधारात आणि आमची आई आपली पॅसेजमध्ये उभी राहून गप्पा मारतेय. मग तुमचा मेसेज आला, जुन्या तारा काढणार, नवा डबा बसवून घ्या. पांढरा डबा, चार हिरवे दिवे. तो प्लगवर चालतो, हे चष्मेवाल्यांनी सांगितलं, खोटं कशाला बोलू. बॅटरी वेगळी घ्या म्हणाले. मीच म्हटलं, कशाला, तिच्याकडे लाइट जातच नाही. आणि नाहीच गेली हो! एक दिवस नाही गेली.

आईच बंद करायची.

हसू नका. म्हणजे हसा, मी पण हसलो असतो. झोपायला जायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करते ती, एकेक. आणि ही सवय कुणी लावली? मी! दोन वर्षांपूर्वी तिनं इस्त्री चालू ठेवली, खालची चादर जळाली, टेबलाला भोक. मी लिफ्टचं काम करतो — लिफ्ट दुरुस्ती, पंचवीस वर्षं झाली — आमच्यात पहिला धडाच तो, मेन बंद केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. डोकंच फिरलं माझं. लाल पेनानं चिठ्ठ्या लिहिल्या, 'झोपताना बंद', आणि चिकटवल्या पाच प्लगांवर. ती माझं इतकं ऐकते ना, मॅडम, तुमचा विश्वास बसणार नाही, लहानपणी मी तिचं ऐकलं नसेल एवढं. आणि तुमचा माणूस डबा बसवायला आला तेव्हा म्हणाला, प्लग कुठला देऊ? मी म्हटलं, हा घ्या, इस्त्रीचा, रिकामाच आहे. चिठ्ठी डोळ्यासमोर होती माझ्या. माझंच अक्षर! पंचवीस वर्षं लोकांना सांगतोय, आधी बघा, मग हात लावा.

चार महिने रोज रात्री फोन बंद आणि सकाळी चालू. मला कळलं नाही? कळलं ना. म्हणजे… एक-दोनदा लावला होता मी नऊला. ती बाई बोलायची, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती वगैरे. मला वाटलं, लवकर झोपली असेल, बरंच झालं. हो, असंच वाटलं — बरं झालं. आईशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्धा तास, त्यात जेवलास का तीन वेळा. दिवसभर लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून कंबर गेलेली असते माणसाची. तुमची आई आहे ना? मग तुम्हाला सांगायला नको.

तर ती पडली साडेसातच्या सुमाराला. सगळी बटणं बंद करून खोलीकडे निघाली आणि पॅसेजमध्ये पडली. सरपटत फोनपर्यंत गेली, वायर ओढून रिसीव्हर खाली घेतला. फोन मेलेला. आणि तिला ते कळलंच नाही, मॅडम! तिला जुन्या फोनची सवय, तो कधी मरायचाच नाही. तिनं लावला माझा नंबर. दाबत राहिली. रिसीव्हर हातात घेऊन पडून राहिली सकाळपर्यंत. शेजारी एक शिवणकामवाल्या मावशी आहेत, त्यांना सकाळी ठकठक ऐकू आली — ही रिसीव्हर फरशीवर आपटत होती. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आली तेव्हा मला काय म्हणाली? फोन बंद होता, असं नाही म्हणाली. म्हणाली, "मी लावत होते रे, पण म्हटलं तू कामात असशील. मग ठेवला." बारा तास फरशीवर पडलेली बाई मलाच समजून घेतेय. पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो मी.

त्या मरतुकड्या डब्याबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर चिठ्ठीचं सांगावं लागेल.

आमच्याकडे का नेत नाही? सगळे हेच विचारतात. डॉक्टरांनीही विचारलं. चौथ्या मजल्यावर राहतो मी. लिफ्ट नाही. हां, हसा आता बिनधास्त — सगळ्या शहराच्या लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस रोज चार जिने चढतो. खुब्यात रॉड घातलेल्या बाईला मी कसं चढवू? खुर्चीत बसवून उचलून नेता येईल, ते येईल म्हणा, माझी पोरं आहेत कामावर, चार जण धरतील. पण मग बायको… खोल्या दोनच आहेत… जाऊ दे. म्हणून तर फोन हवाय. बहीण आहे, लांब असते, रविवारी फोन करते आणि मला सूचना देते.

हा कुठला? गळ्यात बटण? दाखवा. म्हणजे प्लग नाही, बॅटरी आतच, बंद करायला बटणच नाही? वा! हे आधी नाही का सांगायचं! तीन दिवस चालतो, उतरत आली की तुम्हाला इथे कळतं. आणि हे दाबलं की सरळ फोन लागतो. हाच द्या. ठरलं. आणा फॉर्म. ही तुमची पेनं दोरीला बांधलेली का असतात हो, कोण नेणार आहे… नाव लिहिलं. पत्ता लिहिला. आणि तक्रारीचं पण त्याच्यातच लिहू ना, की त्या दिवशी तुमची लाइन —

काय आहे ते? कसली यादी? लावलेल्या फोनची? तिच्या नंबरवरून? मी मागितली नव्हती. बरं, तक्रारीला लागते, ठीक आहे, पण तो स्क्रीन माझ्याकडे नका वळवू. दिसतंय मला. सहा पस्तीस. सहा बावन्न. माझाच नंबर आहे तो.

हो, तेव्हा फोन चालू होता. बटणं बंद करायच्या आधी.

मी लिफ्टच्या खड्ड्यात असलो की रेंज नसते, मॅडम, तिथे फोन लागतच नाही… हो. वाजला असं लिहिलंय. बरोबर आहे. वाजला. मी वर होतो, जिन्यावर बसलो होतो, चहा घेत. काम संपलं होतं. फोन हातातच होता. मी बघितलं आईचा आहे, आणि उलटा करून ठेवला पायरीवर. ती रोज करते त्या वेळेला. रोज! जेवायचं काय, कंबर कशी आहे, लवकर घरी जा. उचलला तरी काय म्हणायचो मी, कामात आहे गं, नंतर करतो. पाठच झालेलं ते. मला काय माहीत त्या दिवशी तिला चक्कर येत होती? हॉस्पिटलमध्ये नर्सला सांगत होती ती, संध्याकाळपासूनच गरगरत होतं म्हणून. मी पडद्याच्या ह्या बाजूला. दोनदा लावला तिनं. दुसऱ्यांदा तर मी… कट केला. लिहिलंय का तसं? नाही लिहीत? बरं.

तक्रारीचा कागद राहू द्या. फाडा तो. तुमच्या डब्याचं काही चुकलं नाही.

फॉर्म पूर्ण करू आपण. हां, हा रकाना राहिलाय. बटण दाबल्यावर पहिला फोन कुणाला. शेजारच्या मावशींना विचारलं, त्या झोपेची गोळी घेतात, नको म्हणाल्या. बहीण लांब. मग उरलं कोण? हा घ्या, लिहिला माझा. सोमवारी येतेय ती, मी आज वायरी तपासून घेतो, चिठ्ठ्या काढतो सगळ्या… आता काय? इथूनच लावून बघायचा? आणि मी उचलून हो म्हणायचं, मगच फॉर्म पुढे जाणार? अहो, मी तुमच्या समोर बसलोय, दीड हातावर! बरं, नियम आहे तर लावा.

वाजतोय. खिशात वाजतोय, ऐकू येतंय मला. उचलतो ना, हात आत अडकलाय… ही काय नवीनच रिंग… हां. हॅलो —

कामात आहे गं, नंतर क —

नाही. थांबा. मॅडम, ठेवा तो फोन. ठेवा म्हणतो ना. पेन द्या इकडे. तो नंबर खोडतो मी.