काकांच्या गच्चीवरचा बांबू

शुद्धलेखन चुकलं, भाषा साधी वाटली, तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली माझी.

तेव्हा मी इंदूरच्या विमानतळावर नकाशे गिरवायचो. विमान उडताना वाटेत जे उंच येतं, ते नकाशात उंचीसकट दाखवायचं. त्यात शेजारच्या काकांच्या गच्चीवरचा रेडिओच्या एरियलचा बांबूही आला. काकांनी गल्लीभर जिलेबी वाटली. मग मला विचारलं, "भिया, या खुणेला म्हणतात काय?"

"अडथळा, काका."

त्यांचा चेहराच उतरला. "संस्थानच्या फौजेत होतो मी! आणि आता अडथळा?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विमानतळाच्या कुंपणाशी घेऊन गेलो. विमान उठलं आणि वळलं.

"बघा काका, तुमच्या बांबूला वळसा घातला."

"घालणारच! उसकी हिम्मत है क्या?"