माणूस परवा येईल

...आणि कंपनीची ती बाई मला फोनवर विचारते, "सर, मशीन चालू करून बघितलंत का?" तुम्हाला सांगतो, सकाळपासून त्या कॉम्प्युटरला फक्त नवस बोलायचा बाकी होता, आणि ही विचारते चालू करून बघितलंत का! बरं, ही तरी सहज भेटली का? आधी चाळीस मिनिटं बासरी, मध्येच तो गोड आवाज, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", की पुन्हा बासरी. अहो, महत्त्वाचा आहे तर उचला ना!

चूक माझीच, कबूल. कोपऱ्यावर कॉम्प्युटरवाला आहे, पंधरा वर्षं दुकान टाकून बसलाय. पण त्याच्याकडे पाच मिनिटांचं काम न्या, आधी त्याच्या गुडघ्याची कहाणी ऐका. म्हणून मी जाहिरात बघून नवा कॉम्प्युटर थेट कंपनीकडून घरपोच मागवला. खोकं आलं तेव्हा तो दुकानाच्या दारातच होता, आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, म्हणालो, "आता दुकानं हवीत कशाला हो?" तो गुडघा धरत आत गेला.

तर त्या मशीनमध्ये आमच्या हिचा प्रबंध. शेवाळावर. अकरा वर्षं ही शेवाळ बघतेय, बाथरूमच्या भिंतीला ओल आली तरी मला पुसू देत नाही! शुक्रवारी विद्यापीठात द्यायचा, नाही दिला तर नोंदणी रद्द, अकरा वर्षं पाण्यात. मी म्हटलं, "अगं, दुसरी प्रत?" म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, या मशीनला काही होत नाही." बोला आता.

तर सोमवारी बाई म्हणाली, "सर, माणूस परवा येईल." परवा तर परवा. बुधवारी मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. दुपार झाली, माणूस नाही. पुन्हा फोन, पुन्हा बासरी, पुन्हा "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", आणि मग एक बुवा. "सर, तुमची तक्रार बंद झालीय."

"बंद? अहो, बंद मशीन आहे!"

"इथे लिहिलंय ना, 'माणूस परवा'. म्हणजे परवा येऊन गेला."

"तो येणारा परवा हो! गेलेला नव्हे!"

"कुठला परवा ते लिहिलेलं नाही, सर. नवीन तक्रार घेतो. माणूस येईल..." आणि तुम्हाला सांगतो, तो काय म्हणणार ते मला आधीच कळलं. परवा. म्हणजे शुक्रवार! म्हटलं, मग इथल्याच कुणाला दाखवू? "सील तोडलंत तर वॉरंटी जाईल, सर."

हे सगळं ही ऐकत होती. मशीन चादरीत गुंडाळलं, पोरासारखं कडेवर घेतलं आणि निघाली कोपऱ्यावर. मागोमाग मी, हातात नुसती वायर. कॉम्प्युटरवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सील फोडलं, आतली डिस्क काढली, स्वतःच्या मशीनला जोडली, आणि या वेळी गुडघ्याचं नाव नाही. दहा मिनिटांत म्हणाला, "वहिनी, शेवाळ जिथल्या तिथे आहे." आणि ही तिथल्या स्टुलावर बसून रडली हो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने आधी स्वतःकडे एक प्रत ठेवली, मग हिने शेवटचा हात तिथेच बसून फिरवला.

शुक्रवारी प्रबंध गेला. कंपनीचा माणूसही त्याच दिवशी आला. सील तुटलेलं बघितलं, सही घेतली, गेला.

मग मी प्रबंधाची घरची प्रत उघडली. ऋणनिर्देश. मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, 'कोपऱ्यावरचे कॉम्प्युटरवाले भावजी' आहेत. म्हटलं, "आणि मी? अकरा वर्षं चहा कुणी केला?"

"होतात ना. अख्खा परिच्छेद होता. बुधवारी दुकानात बसून काढला."

"काय लिहिलं होतंस?"

"आता काय करायचंय?"

आता तो परिच्छेद फक्त एकाच ठिकाणी आहे, त्या दुकानातल्या प्रतीत. मागायला जाऊ? कुठल्या तोंडाने? रोज भाजी आणायला समोरून जातो, तो दारात उभा असतो, आणि हल्ली मला बघून हसतो. वाचलाय हो त्याने. तुम्हाला सांगतो, नक्की वाचलाय.