नदीकाठची काळी जागा

(स्कॉटलंडमध्ये टे नदीकाठी भटक्यांचा जुना तळ. एका चाकांच्या घरापुढे बांधून ठेवलेली खोकी.)

शीना : मावशे, थांब! ती बशी गुंडाळू नकोस! निकाल लागला!

एल्सी मावशी : ओरडू नकोस, तडा जाईल बशीला. दुपारी हाकलायला येणारेत. गुंडाळायला कागद दे इकडे.

शीना : कुणी येत नाही! वकीलबाईंनी अख्खा निकाल माझ्या फोनवर पाठवलाय. तळ उठवायचा मंत्र्याचा हुकूम रद्द!

मावशी : म्हणजे महिनाभर मुदत.

शीना : मुदत नाही गं, रद्द! न्यायाधीश म्हणतात, ज्या कायद्यानं एडिंबरात हे मंत्री बसवले, त्याच कायद्यात लिहिलंय, माणसाच्या मूळ हक्कांविरुद्ध जायचा अधिकार त्यांना दिलेलाच नाही. राहतं घर हा हक्क. आणि हे तुझं घर!

मावशी : चाकं असून?

शीना : चाकांसकट!

मावशी : अगं बाई! मंत्र्याला असं तोंडावर 'नाही' म्हणता येतं?

शीना : चांगली ऐंशी पानं म्हटलंय!

मावशी : किटली कुठल्या खोक्यात गेली बघ आधी! अख्ख्या तळाला चहा पाजते. पण काय गं, त्या काळ्या जागेचं काय? कचरा जाळून घाण करतात, हेच तर मंत्र्याचं म्हणणं होतं ना?

शीना : मी सांगितलं कोर्टाला. काकांचं घर होतं ते. माणूस गेला की त्याचं घर आपण जाळतो, म्हणून.

मावशी : परक्यांपुढे? गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात घेत नाहीत, आणि तू घेतलंस? अकरा वर्षं मी ओठांवर येऊ दिलं नाही, आणि तू, कार्टे...

शीना : तू गप्प बसलीस, म्हणून तर ते काकांना कचरा म्हणाले! मला नाही ऐकवलं ते.

मावशी : ...काय लिहिलंय न्यायाधीशानं?

शीना : 'तो कचरा नव्हता. तिथे एका बायकोनं नवऱ्याला निरोप दिला. ती जागा तिच्या घराचाच भाग आहे.'

मावशी : नावसुद्धा आहे?

शीना : आहे.

मावशी : मला कुठलं वाचता येतंय. बोट ठेव त्यावर.

शीना : हे बघ. इथून इथपर्यंत. आर्चिबाल्ड टाउन्सली.

मावशी : केवढं लांब.

शीना : रागावलीस?

मावशी : मी आर्ची म्हणायचे.